सीएफ आणि बायोफिल्म: छातीत ठाण मांडून बसलेल्या इन्फेक्शनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी छातीची फिजिओ करते. सीएफ, म्हणजे सिस्टिक फायब्रोसिस (जन्मतःच असणारा, कफ घट्ट करणारा आनुवंशिक आजार) असलेल्या मुलांचे आईबाबा आणि आता मोठे झालेले पेशंट स्वतः, सगळे मिळून फिरून फिरून तेच पंधरा-वीस प्रश्न पाठवतात. ते एकदाचे इथे लिहून ठेवतेय. डोस आणि औषधं बदलायची ती तुमच्या सीएफ टीमला विचारूनच, हे वाचून नाही.

१. बायोफिल्म म्हणजे नक्की काय? रिपोर्टमध्ये तर कुठे हा शब्द दिसत नाही.

दिसणार नाही, कारण लॅब बॅक्टेरियाचं नाव सांगते, ते कसे राहतात ते सांगत नाही. सकाळी दातांवर जो बुळबुळीत थर असतो ना, तो बायोफिल्मच. बॅक्टेरिया सुटे सुटे न फिरता एकमेकांना चिकटतात आणि स्वतःभोवती चिकट पदार्थाचं आवरण करून त्यात घोळक्याने राहायला लागतात. सीएफच्या छातीत हे थर श्वासनळीच्या भिंतीला रंगासारखे लागलेले नसतात, ते कफाच्या आतच छोट्या छोट्या गुठळ्या करून असतात, आणि म्हणूनच कफ बाहेर काढणं हा औषधाइतकाच उपचार आहे. (फिजिओ आहे म्हणून म्हणतेय असं वाटेल, पण खरंच आहे.)

२. मग हे सीएफवाल्यांनाच का? श्वासातून बॅक्टेरिया तर सगळ्यांच्याच छातीत जातात.

जातात, पण बाकीच्यांच्या छातीत ते टिकत नाहीत. श्वासनळीच्या आत पातळ पाण्याचा थर असतो, त्यावर कफ तरंगतो आणि बारीक केसासारखे तंतू त्याला वर ढकलत राहतात. सीएफमध्ये सीएफटीआर नावाचं प्रोटीन बिघडलेलं असतं (त्याचं जीन १९८९ मध्ये सापडलं), ते क्लोराइड आणि बायकार्बोनेट नीट बाहेर सोडत नाही, पाणी कमी पडतं, कफ घट्ट होतो आणि जागचा हलत नाही. न हलणाऱ्या कफात बॅक्टेरिया पाहुणे म्हणून येतात आणि बिऱ्हाड करतात.

त्यात अजून एक गंमत, म्हणजे गंमत कसली, वैताग. शरीर पांढऱ्या पेशींची फौज पाठवतं, त्या कफात मरतात, फुटतात, त्यांच्यातला डीएनए बाहेर सांडतो आणि तो लांब चिकट धाग्यासारखा असतो, मग कफ अजून घट्ट होतो आणि बॅक्टेरियाला घर बांधायला आयता माल मिळतो. आपल्याच सैनिकांच्या मढ्यांवर शत्रूचा किल्ला.

३. कल्चरमध्ये पहिल्यांदाच स्युडोमोनास आलाय, पण मुलगी मस्त खेळतेय, खोकला पण नाही. तरी औषध द्यायचं?

हो, आणि लगेच. (कल्चर म्हणजे थुंकीतले बॅक्टेरिया लॅबमध्ये वाढवून ओळखायची टेस्ट, आणि स्युडोमोनास म्हणजे सीएफच्या छातीत ठाण मांडणारा एक बॅक्टेरिया.) या पूर्ण पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा. सुरुवातीला आलेला स्युडोमोनास बहुतेक वेळा बाहेरच्या पाण्यातून, मातीतून आलेला साधा प्रकार असतो, त्याने अजून जाड आवरण केलेलं नसतं आणि साधारण सगळी अँटिबायोटिक्स त्याला लागू पडतात. त्याला पूर्णपणे घालवता येण्याची खरी संधी ही एवढीच. एलिट नावाच्या ट्रायलमध्ये नेब्युलायझरमधून टोब्रामायसिन २८ दिवस देऊन बघितलं आणि ५६ दिवस देऊन बघितलं, कोर्स संपल्यावर महिन्याने दोन्ही गटांत १० पैकी ९ पेक्षा जास्त जणांचं कल्चर निगेटिव्ह होतं, म्हणजे २८ दिवस पुरले. कोपनहेगनच्या सेंटरने तर त्याच्याही कितीतरी आधीपासून श्वासातून कोलिस्टिन आणि तोंडातून सिप्रोफ्लॉक्सासिन अशी जोडी वापरून हेच दाखवलं होतं.

मुलगी खेळतेय हे छानच आहे, पण लक्षणं दिसेपर्यंत थांबलात तर तेवढ्यात बॅक्टेरियाची तटबंदी बांधून होते. आणि कोर्स झाल्यावरचं कल्चर चुकवू नका, गेला की नाही ते त्यावरूनच कळतं.

४. पहिल्यांदा आलाय तर सलाईनमधून स्ट्राँग औषध देऊन एकदाच काय तो निकाल का लावत नाहीत?

खूप जणांना असंच वाटतं, डॉक्टरांनाही वाटायचं. टॉर्पेडो-सीएफ नावाच्या ट्रायलमध्ये (२०२० ला छापून आली) एका गटाला १४ दिवस नसेतून सेफ्टाझिडाइम आणि टोब्रामायसिन दिलं, दुसऱ्याला ३ महिने तोंडातून सिप्रोफ्लॉक्सासिन, दोन्ही गटांना श्वासातून कोलिस्टिन चालूच होतं. नसेतून दिलेलं सरस ठरलं नाही. त्यामुळे मूल बाकी बरं असेल तर उगाच ॲडमिट करायची गरज पडत नाही.

५. ‘क्रॉनिक’ कधी म्हणतात? आणि रिपोर्टमध्ये ‘म्युकॉइड’ लिहिलंय, ते काय?

लीड्सचे निकष बऱ्याच ठिकाणी वापरतात: मागच्या १२ महिन्यांत ज्या ज्या महिन्यांत कल्चर केलं त्यातल्या निम्म्याहून जास्त महिन्यांत स्युडोमोनास आला तर क्रॉनिक. म्युकॉइड म्हणजे बॅक्टेरियाने अल्जिनेट नावाचा चिकट पदार्थ भरपूर करायला सुरुवात केली, प्लेटवर त्याच्या वसाहती ओल्या, लिबलिबीत दिसतात. बहुतेक वेळा हे मक-ए नावाच्या जीनमध्ये बिघाड झाल्याने होतं, तो जीन म्हणजे अल्जिनेटचा ब्रेक समजा. ब्रेक तुटला की गाडी सुसाट. म्युकॉइड आला म्हणजे बिऱ्हाड मुरलंय. या टप्प्यावर उद्देश बदलतो, पूर्ण घालवायचा हट्ट सोडून संख्या खाली ठेवायची, फुफ्फुसांची झीज थांबवायची, ॲडमिट व्हायची वेळ कमी करायची. हे ऐकून पालक खचतात, पण असं इन्फेक्शन अंगावर बाळगून वर्षानुवर्षं कॉलेज, नोकरी, संसार करणारे लोक आहेत.

६. रिपोर्टमध्ये ‘सेन्सिटिव्ह’ आहे, तेच औषध दिलं, तरी इन्फेक्शन जात का नाही?

कारण ‘सेन्सिटिव्ह’ (औषध लागू पडतं) की ‘रेझिस्टंट’ (लागू पडत नाही) हे लॅबमध्ये तपासतात ते सुट्या, मोकळ्या, भराभर वाढणाऱ्या बॅक्टेरियावर. छातीतला माल वेगळा. बायोफिल्ममधल्या बॅक्टेरियाला मारायला १०० ते १,००० पट जास्त औषध लागू शकतं, आणि त्याची कारणं एक नाही, बरीच आहेत. चिकट आवरणात औषध अडकतं. टोब्रामायसिनसारखी औषधं तर डीएनए आणि अल्जिनेटला चिकटून बसतात. गुठळीच्या आत ऑक्सिजन पोचत नाही, आणि टोब्रामायसिन बॅक्टेरियाच्या आत शिरायला ऑक्सिजनवर चालणारी यंत्रणा लागते, म्हणजे जिथे सगळ्यात जास्त गरज तिथेच औषध लुळं. शिवाय काही बॅक्टेरिया चक्क झोपून राहतात, वाढतच नाहीत, आणि बरीच अँटिबायोटिक्स वाढणाऱ्यालाच मारतात. कोर्स संपला की हे झोपलेले उठतात आणि पुन्हा वसाहत करतात.

म्हणूनच जोडीने औषधं देतात. लॅबमधल्या बायोफिल्मवर असं दिसलंय की सिप्रोफ्लॉक्सासिन वरच्या, जाग्या थराला मारतं आणि कोलिस्टिन आतल्या सुस्त थराला. प्रश्न ३ मधली कोपनहेगनची जोडी आठवा.

७. उलटा प्रश्न. रिपोर्टमध्ये ‘रेझिस्टंट’ आहे तरी डॉक्टरांनी टोब्रामायसिन चालू ठेवलंय. चूक झालीये का?

बहुतेक नाही. रेझिस्टंट-सेन्सिटिव्हची रेघ लॅब मारते ती रक्तात औषध किती पोचतं त्या हिशोबाने. ३०० मि.ग्रॅ. टोब्रामायसिन नेब्युलायझरमधून घेतलं की दहा मिनिटांनी एका ग्रॅम थुंकीत सरासरी १,२०० मायक्रोग्रॅमच्या आसपास औषध सापडतं, आणि तासाभराने रक्तात बघितलं तर एका मि.लि.मध्ये जेमतेम १ मायक्रोग्रॅम. एवढा फरक. रक्ताच्या हिशोबाने नापास झालेला बॅक्टेरिया त्या पुरात टिकेलच असं नाही. त्यात एकाच थुंकीत एकाच बॅक्टेरियाचे चार वेगवेगळे प्रकार असतात, लॅब त्यातले एक-दोन उचलून तपासते. कागदापेक्षा पेशंट कसा आहे, वजन, खोकला, स्पायरोमेट्रीचा (फुंकून फुफ्फुसांची ताकद मोजायच्या टेस्टचा) आकडा, हे बघून निर्णय घेतात आणि तेच बरोबर आहे.

‘मग बायोफिल्मवरच टेस्ट करून औषध निवडा ना’ हा पुढचा मेसेज ठरलेला असतो. तसं करून बघितलंय, नेहमीच्या टेस्टपेक्षा पेशंटना जास्त फायदा झाल्याचं दिसलं नाही, म्हणून ती रोजची टेस्ट झाली नाही.

८. एक महिना नेब्युलायझर, एक महिना सुट्टी. सुट्टीत बॅक्टेरिया वाढत नाहीत का?

थोडे वाढतात, हो. टोब्रामायसिनचं नेब्युलायझर १९९७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं तेच २८ दिवस चालू, २८ दिवस बंद या पद्धतीने, रेझिस्टन्सचा दाब कमी राहावा आणि शरीराला विश्रांती मिळावी म्हणून. ज्यांना सुट्टीच्या महिन्यात हमखास त्रास होतो त्यांना बऱ्याच टीम त्या महिन्यात दुसरं औषध देतात, म्हणजे ॲझट्रिओनाम लायसिन (७५ मि.ग्रॅ., दिवसातून ३ वेळा, दोन डोसमध्ये निदान ४ तास) किंवा कोलिस्टिन. तुमचं ‘सुट्टीत वाईट’ असेल तर तारखांसकट लिहून टीमला दाखवा, नुसतं ‘बरं नसतं’ म्हणून सांगू नका, त्यातून कोणाला काही कळत नाही.

टोब्रामायसिनची कोरडी पावडर पण येते, २८ मि.ग्रॅ.च्या ४ कॅप्सूल दोन वेळा. वेळ वाचतो, काहींना खोकला जास्त येतो.

९. सकाळी पाच-पाच औषधं असतात. क्रम काय? एकत्र मिसळून घेतलं तर चालेल का?

साधारण असं: आधी श्वासनळ्या मोकळ्या करणारा पंप, मग ७ टक्क्यांचं हायपरटॉनिक सलाईन (म्हणजे श्वासातून घ्यायचं खारं पाणी), मग फिजिओ करून कफ काढणं, आणि सगळ्यात शेवटी श्वासातलं अँटिबायोटिक. अँटिबायोटिक शेवटी कारण ते उरलेल्या, मोकळ्या झालेल्या नळ्यांमध्ये खोल जावं; कफ भरलेला असताना घेतलं तर ते कफाच्या वरच्या थरावर बसतं आणि पुढच्या खाकरण्यात बाहेर. डॉर्नेस अल्फा (कफ पातळ करणारं श्वासातलं औषध) फिजिओच्या आधी घ्या किंवा नंतर, अभ्यासात मोठा फरक दिसलेला नाही, तुमच्या दिवसात बसेल तशी वेळ टीमबरोबर ठरवा.

मिसळायचं मात्र नाही. डॉर्नेस तर कशातच नाही, ते प्रोटीन आहे, बिघडतं. फ्रिजमध्ये २ ते ८ डिग्रीला ठेवायचं.

१०. डॉर्नेस आणि खारं पाणी बायोफिल्म फोडतात का?

थेट बॅक्टेरियाला मारत नाहीत, पण त्यांच्या घराची माती ओढून नेतात. डॉर्नेस (१९९३ पासून वापरात, रोज २.५ मि.ग्रॅ.) प्रश्न २ मधले ते डीएनएचे धागे कापतं. हायपरटॉनिक सलाईन मिठाच्या जोरावर पाणी श्वासनळीत खेचून आणतं, कफ ओला होतो, हलतो. घेताना खोकला येतो, छाती आवळल्यासारखी वाटते, म्हणून आधी पंप आणि पहिला डोस टीमच्या नजरेखाली. लोक सगळ्यात आधी हेच दोन सोडतात कारण ‘औषध तर अँटिबायोटिक आहे, हे काय नुसतं पाणी’. तसं नाहीये.

११. अझिथ्रोमायसिन स्युडोमोनासला मारत नाही असं वाचलं, मग आठवड्यातून तीनदा का देतात?

बरोबर वाचलंत. नेहमीच्या टेस्टमध्ये ते स्युडोमोनासला मारत नाही. पण बॅक्टेरिया एकमेकांना रासायनिक निरोप पाठवतात, ‘आता आपण पुरेसे झालो, चला बांधकाम सुरू करा’, त्या निरोपांमध्ये ते खोडा घालतं, अल्जिनेट कमी करतं आणि सूज पण उतरवतं. फायदा दिसतो तो त्रास उफाळण्याचं प्रमाण कमी होण्यात.

एक अट मात्र महत्त्वाची: सुरू करण्याआधी थुंकीत एनटीएम, म्हणजे टीबीच्या चुलत घराण्यातले मायकोबॅक्टेरिया, नाहीत ना हे बघायलाच हवं. ते असताना एकटं अझिथ्रोमायसिन दिलं तर ते त्यालाच रेझिस्टंट होतात आणि त्यांच्यावरचं एक मुख्य हत्यार हातातून जातं. ईसीजी आणि ऐकण्याकडेही लक्ष ठेवतात.

१२. नसेतून कोर्स किती दिवस? कानावर परिणाम होतो म्हणतात.

त्रास उफाळला की साधारण दोन आठवडे, वेगवेगळ्या जातीची दोन औषधं. स्टॉप-२ ट्रायलमध्ये (२०२१) ज्यांना सुरुवातीलाच चांगला फरक पडला त्यांना १० दिवस १४ इतकेच पुरले, आणि ज्यांना हळू फरक पडला त्यांना २१ दिवस देऊन १४ पेक्षा जास्त काही मिळालं नाही. लांबवलं की जास्त धुवून निघतं असं काही नसतं.

कानांचं खरं आहे, टोब्रामायसिन, अमिकासिन हे ग्रुप नसेतून वारंवार दिले की कान आणि किडनी दोन्हीला धोका. रक्तातली पातळी तपासतात, दिवसातून एकदाच देतात. आईकडून येणारा एक जीनमधला बदल असतो ज्यात थोड्या डोसनेही बहिरेपणा येऊ शकतो, त्यामुळे आईच्या बाजूला कोणाला इंजेक्शननंतर ऐकू येणं कमी झालं असेल तर ते डॉक्टरांना सांगाच. कानात शिट्टी वाजल्यासारखं झालं, चालताना तोल गेला, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका.

१३. मॉड्युलेटर गोळ्या सुरू झाल्यावर बायोफिल्म जातो का? नेब्युलायझर बंद करू?

मॉड्युलेटर म्हणजे बिघडलेल्या सीएफटीआरला कामाला लावणारं औषध. त्यातली एलेक्साकाफ्टर-टेझाकाफ्टर-इवाकाफ्टर ही तिहेरी गोळी २०१९ मध्ये आली आणि ज्यांना लागू पडते त्यांचं आयुष्यच बदललं, माझ्यासमोर तासभर खोकणारे लोक आता फिजिओला येऊन ‘ताई, काही निघतच नाही’ म्हणतात. मुळातला बिघाड दुरुस्त होतो, कफ पातळ होतो, बॅक्टेरियाची संख्या बरीच खाली येते. पण मुरलेला स्युडोमोनास बहुतेकांच्या छातीत राहतोच, विशेषतः जिथे श्वासनळ्या आधीच रुंदावून खराब झाल्यात तिथे.

बंद करण्याबद्दल: सिम्प्लिफाय नावाच्या ट्रायलमध्ये तिहेरी गोळीवर असलेल्या, फुफ्फुसं चांगली असलेल्या लोकांनी डॉर्नेस किंवा हायपरटॉनिक सलाईन ६ आठवडे थांबवलं तर फुफ्फुसाच्या आकड्यात विशेष फरक पडला नाही. आता नीट वाचा: फुफ्फुसं चांगली असलेले, ६ आठवडे, आणि यात श्वासातली अँटिबायोटिक्स थांबवून बघितलेली नाहीत. लोक ही ट्रायल ऐकतात आणि सगळंच कपाटात टाकतात.

१४. आता थुंकीच येत नाही, मग कल्चर कसं करणार?

खारं पाणी देऊन मुद्दाम कफ काढतात, किंवा खोकताना घशाशी स्वॅब धरतात. स्वॅब सोपा पण कमी भरवशाचा, निगेटिव्ह आला म्हणजे खाली काही नाही असं धरू नका. लहान मुलांमध्ये शंका राहिलीच तर दुर्बीण घालून नमुना घेतात.

१५. नेब्युलायझरच्या कपातही बायोफिल्म होतो का?

होतो! ओलसर प्लास्टिक म्हणजे त्याची आवडती जागा. प्रत्येक वेळी साबण-पाण्याने धुवा, मग जंतू मारा: ५ मिनिटं उकळणं, किंवा स्टीमचं स्टरलायझर, किंवा ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ५ मिनिटं, किंवा ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये अर्धा तास. शेवटचे दोन केलेत तर नंतर निर्जंतुक पाण्यानेच खळबळा, नळाचं वापरलंत तर सगळी मेहनत पाण्यात. व्हिनेगर पुरत नाही. आणि पूर्ण वाळू द्या, ओला कप डबीत बंद करून ठेवणं ही मला सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. कुठला भाग उकळायचा नाही ते मशीनच्या पुस्तिकेत असतं.

१६. दोन सीएफवाल्यांनी भेटायचं नाही असं का? दोघांनाही स्युडोमोनास आहेच की.

दोघांचे स्युडोमोनास वेगळे असतात. मुरलेले, रेझिस्टंट प्रकार एकाकडून दुसऱ्याकडे जातात, लिव्हरपूलचा साथीचा प्रकार त्यामुळेच कुप्रसिद्ध झाला. खोकल्यातून उडालेले जिवंत स्युडोमोनास ४ मीटरपर्यंत आणि ४५ मिनिटांनंतरही सापडलेत, त्यामुळे २ मीटरचं अंतर म्हणजे कमीत कमी, आणि एकच बंद खोली तर टाळाच. सख्खी भावंडं असतील तर वेगवेगळे नेब्युलायझर, फिजिओ वेगळ्या खोलीत. एकटं पडायला होतं, मान्य आहे. व्हिडिओ कॉलवर भेटा.

१७. लसणाने बॅक्टेरियाचे निरोप बंद होतात असं वाचलं, कॅप्सूल घेऊ का?

लॅबमध्ये होतात, माणसांमध्ये छोट्या ट्रायलमध्ये ठोस फायदा दिसला नाही. खाण्यात असेल तर असू दे, औषधाच्या जागी नको. मॉड्युलेटरवर असाल तर कुठलीही कॅप्सूल किंवा काढा सुरू करण्याआधी विचारा, त्या गोळ्यांचं बऱ्याच गोष्टींशी जमत नाही.

१८. फेज थेरपीचं काय? व्हायरस बॅक्टेरियाला खातात ते?

फेज म्हणजे फक्त बॅक्टेरियावर जगणारे व्हायरस, आणि काहींकडे बायोफिल्मचं आवरण विरघळवणारे एन्झाइम्स पण असतात, म्हणून आशा मोठी आहे. २०१९ मध्ये लंडनमधल्या एका १५ वर्षांच्या सीएफ मुलीची केस गाजली, फुफ्फुसं बदलल्यावर तिला मायकोबॅक्टेरियम ॲबसेससचं इन्फेक्शन अंगभर पसरलं होतं, तीन फेज एकत्र करून दिले, त्यातले दोन लॅबमध्ये बदल केलेले, आणि तिला बराच फरक पडला. अडचण अशी की फेज कुलपाच्या किल्लीसारखा, एका प्रकाराला चालतो, दुसऱ्याला नाही. त्यामुळे ट्रायलमधून किंवा खास परवानगीनेच मिळतं. नेटवर विकत मिळणारं काहीतरी नेब्युलायझरमध्ये घालू नका, प्लीज.

१९. आमच्याकडे स्युडोमोनास नाहीच, बर्खोल्डेरिया आलाय. वरचं सगळं लागू होतं का?

कफ काढणं, स्वच्छता, अंतर हे सगळं लागू, उलट जास्तच कडक. औषधं मात्र वेगळी: बर्खोल्डेरिया कोलिस्टिनला जन्मतःच दाद देत नाही आणि टोब्रामायसिनलाही सहसा नाही. ॲबसेसस (प्रश्न १८ मधला मायकोबॅक्टेरियम) आला तर महिनोन्‌महिने तीन-चार औषधं चालतात, त्यामुळे प्रश्न १२ मधले दिवसांचे हिशोब तिथे लावू नका. स्टॅफ (स्टॅफिलोकोकस नावाचा बॅक्टेरिया) लहानपणी खूप जणांना असतो, त्याचे नियम अजून निराळे.

२०. दरवेळी छाती साफ होते आणि सहा महिन्यांत तोच स्युडोमोनास परत. कुठून येतो?

नाकाच्या बाजूच्या पोकळ्या तपासल्या का? सायनसमध्येही तोच कफ, तसाच बायोफिल्म, आणि नेब्युलायझरचं औषध तिथे नीट पोचत नाही, मग रात्री झोपेत तिथून खाली ठिबकत राहतो. फुफ्फुसं बदललेल्या लोकांमध्ये तर नव्या कोऱ्या फुफ्फुसात जुनाच बॅक्टेरिया उतरलेला दिसतो, नवीन अवयवात सीएफटीआर चांगलं असूनसुद्धा. त्यामुळे नाक सतत चोंदलेलं, वास येत नाही, कपाळ जड, असं काही असेल तर ‘ते तर सर्दीचं आहे’ म्हणून सोडू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा आणि तिथला नमुना कल्चरला पाठवा.